"हुशार आहे, पण..." स्वतःची पूर्ण क्षमता कळते तरी कशी?

भाराभर_चिंध्या:
मंडळी, बरेच दिवस लिहू की नको करत होतो, आज लिहूनच टाकतो. वय ३६. लहानपणापासून एकच वाक्य ऐकत आलोय, "पोरगा हुशार आहे पण मन लावून करत नाही". प्रगतीपुस्तकात पण दरवर्षी तोच शेरा, अक्षर तेवढं वेगळं. सातवीपर्यंत पुस्तक न उघडता पहिल्या पाचात यायचो त्यामुळे घरच्यांना, आणि खरं सांगायचं तर मलाही, वाटत राहिलं की आत काहीतरी मोठं घबाड आहे, वेळ आली की निघेल बाहेर. वेळ काही आली नाही. नोकरी आहे, बरी आहे, साहेब खूश असतो, तक्रार करावी असं काही नाही. पण रात्री दिवा बंद केला की डोक्यात तेच सुरू होतं की हे एवढंच होतं का माझ्यात.

तसा मी हातावर हात ठेवून बसलेलो नाहीये हां. गिटार झाली, कोडिंगचा ऑनलाइन कोर्स झाला, फ्रेंच झालं, पळणं झालं, कथा लिहून झाल्या, मध्ये एकदा बुद्धिबळाचं वेड घेतलं होतं. प्रत्येक वेळी पहिले तीन आठवडे असा काही सुटतो की बघणाऱ्याला वाटावं आता हा कुणाला ऐकत नाही, आणि दीड-दोन महिन्यांत सगळं थंड. कपाटात सहा वह्या आहेत, प्रत्येकीची पहिली दहा-बारा पानं भरलेली, तारखा घालून, हेडिंगला लाल पेन, आणि पुढे कोरी करकरीत. बायको म्हणते वह्यांचं दुकान काढ.

कल चाचण्या तीनदा दिल्या. एकदा निघालं लोकांमध्ये काम करा, एकदा निघालं संशोधन, तिसऱ्यांदा कला. म्हणजे त्यांनाही माझा पत्ता लागला नाही.

तर प्रश्न असा की आपण कशासाठी बनलोय हे शोधायचं कसं, आणि सापडलंच तर तिथपर्यंत पोचायचं कसं? की ३६ म्हणजे गाडी सुटली? आणि प्लीज "पॅशन फॉलो करा" कुणी सांगू नका, पॅशन माझ्याकडे ढिगाने आहे, दर दोन महिन्यांनी नवीन येते.

नुसता_वाचक:
हा धागा माझ्यावर काढलाय का? माझ्या सात वह्या आहेत त्यामुळे मी सीनियर. वाचनखूण साठवली.

उशिराची_गाडी:
वयाचं आधी निकालात काढू. डार्विनचं उत्क्रांतीवरचं पुस्तक १८५९ ला आलं तेव्हा तो ५० चा होता. अमेरिकेतली ती ग्रँडमा मोझेस, तिने चित्रकला मनावर घेतली तेव्हा पंचाहत्तरी उलटून गेली होती, आणि ते पण आतून हाक वगैरे आली म्हणून नाही, संधिवाताने भरतकामाची सुई धरवेना म्हणून ब्रश धरला. पुढे १०१ वर्षांची होऊन गेली. मला त्या गोष्टीत ब्रशपेक्षा सुई महत्त्वाची वाटते. लोक म्हणतात म्हातारपणी टॅलेंट सापडलं, अरे पण त्याआधी ती बाई कापडावर लोकरीने चित्रंच भरत होती की, तो हात आणि ती नजर काय एका रात्रीत आली का.

आता घबाडाबद्दल. माझंच सांगतो. मी ४४ व्या वर्षी पोहायला लागलो, त्याआधी पाण्याची भीती. पहिले चार महिने फ्रीस्टाइलचा २५ मीटरचा एक पल्ला मारला की कठडा धरून धापा टाकायचो आणि मनात पक्कं होतं की आपला दमच कमी, आपल्या अंगात हे नाहीच. शिकवणारा पोरगा माझ्या निम्म्या वयाचा, त्याच्यासमोर लाज वाटायची म्हणून मी मुद्दाम तो दुसऱ्या टोकाला असताना पोहायचो. एक दिवस त्याने गाठलंच. म्हणाला, काका तुम्ही समोर बघत पोहताय, डोकं वर राहिलं की पाय बुडतात, मग सगळा दम ते पाय ओढण्यात जातो, तळाला ती काळी रेघ आहे ना, तिच्याकडे बघा. डोकं खाली घातलं, पाय वर आले. त्याच आठवड्यात सलग चार पल्ले झाले. आता मला सांगा, माझी क्षमता आठवड्यात चौपट झाली का? दम होता तेवढाच होता. चार महिने मी जिला माझी मर्यादा समजत होतो ती मानेची चूक होती, आणि ती मला स्वतःला पाण्यात असताना दिसणं शक्यच नव्हतं.

एरिक्सन म्हणून मानसशास्त्रज्ञ होते, ते जन्मभर हेच सांगत राहिले. १९९३ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी बर्लिनमध्ये व्हायोलिन शिकणाऱ्यांवर अभ्यास केला, त्यातूनच पुढे "१०,००० तास सराव केला की कुणीही निष्णात होतो" हे सगळीकडे फिरलं. पण त्यांनी तसा नियम सांगितलाच नव्हता, तो सगळ्यात चांगल्या गटाचा विशीपर्यंतच्या सरावाचा सरासरी आकडा होता, त्यातले कितीतरी जण त्याच्या खाली होते. त्यांचं म्हणणं तास कसले आहेत यावर होतं. जो तुकडा जमत नाही तोच बाहेर काढायचा, कुणीतरी चूक दाखवायची, परत करायचा. त्यात मजा फार येत नाही, हे पण त्यांनी लिहून ठेवलंय.

खडूस:
गाडीकाका, अर्धंच सांगितलंत. २०१४ मध्ये मॅकनमारा आणि मंडळींनी असल्या ८८ अभ्यासांचा एकत्र हिशोब केला. लोकांच्या कामगिरीत जो फरक दिसतो त्यातला सरावाने किती समजतो, तर बुद्धिबळासारख्या खेळांत २६ टक्के, संगीतात २१, मैदानी खेळांत १८, शिक्षणात ४ आणि नोकरीधंद्यात १ टक्क्याच्याही खाली. एरिक्सनना हे पटलं नव्हतं, त्यांचं म्हणणं तुम्ही कसलाही सराव यात घुसडलाय, आणि त्यात तथ्य पण असेल. तरी उरलेलं बरंच काही राहतंच, शरीर, वय, सुरुवात कधी केली, घरात काय होतं, नशीब. घासून घासून सगळे सगळं होत नसतात.

आणि ते "आपण मेंदूचा १० टक्केच वापरतो" कुणी आणायच्या आत सांगतो, ती थाप आहे. मेंदू वजनाने शरीराच्या २ टक्के आणि बसल्या बसल्या ऊर्जा खातो २० टक्के. ९० टक्के रिकामा ठेवायला एवढं बिल कोण भरेल.

चिंध्या, तुला स्पष्ट सांगतो. तू ग्रँडमास्टर होणार नाहीस, गिटार वाजवून स्टेज हलवणार नाहीस, आणि फ्रेंचमध्ये कविता करणार नाहीस. हे एकदा मान्य केलंस की बघ किती मोकळं वाटतं. "पूर्ण क्षमता" हा शब्दच मला फसवा वाटतो. पूर्ण भरलं हे कळायला भांडं केवढं आहे ते माहीत पाहिजे ना, ते कुणालाच माहीत नसतं, आणि तू भांडं मोजण्यातच ३६ वर्षं घालवलीस.

नुसता_वाचक:
खडूस भाऊ नावाला जागले. पण ते भांड्याचं पटलं.

फळा_पुसणारी:
मी २२ वर्षं गणित शिकवतेय आणि भाराभर, तुम्ही माझ्या प्रत्येक वर्गात असता, राग मानू नका. आठवीत बीजगणित जरा चढायला लागलं की एक दृश्य मला दरवर्षी दिसतं. साधारण मुलं अडली की खोडतात, परत लिहितात, शेजारच्याला विचारतात, मला विचारतात. आणि तोवर "हुशार" म्हणून नावाजलेला एखादा मुलगा अडला की काय करतो, तर कोपराने वही झाकतो. मी बाकावरून पुढे जाईपर्यंत झाकून ठेवतो. दोन महिन्यांनी तोच म्हणायला लागतो की मला गणितात इंटरेस्टच नाही.

१९९८ मध्ये म्यूलर आणि ड्वेक या दोघी मानसशास्त्रज्ञांनी पाचवीतल्या मुलांवर प्रयोग केले होते. सगळ्यांना आधी जमतील अशी कोडी दिली, मग काहींना म्हटलं तू हुशार आहेस, काहींना म्हटलं तू मेहनत घेतलीस. बस, एका वाक्याचा फरक. पुढचं काम निवडायला सांगितल्यावर हुशार म्हटलेल्यांचा ओढा आपली हुशारी दिसेल अशा सोप्या कामाकडे होता. मग मुद्दाम अवघड कोडी देऊन सगळ्यांना पाडलं आणि परत पहिल्यासारखी सोपी दिली, तर हुशार गटाचे गुण आधीपेक्षा घसरले आणि मेहनत गटाचे वाढले. आणि दुसऱ्या मुलांना आपले गुण कळवा म्हटल्यावर फुगवून सांगणारे पण हुशार गटातच जास्त निघाले. मला यातलं ते फुगवून सांगणं वाचून फार वाईट वाटलं होतं, दहा वर्षांची मुलं हो.

आता खडूस काही म्हणायच्या आत मीच सांगते, याच विचारावर पुढे शाळाशाळांतून मुलांची मानसिकता बदलण्याचे कार्यक्रम निघाले आणि २०१८ च्या एका मोठ्या आढाव्यात त्यांचा सरासरी परिणाम अगदीच किरकोळ निघाला. भिंतीवर "मी अजून शिकतोय" लिहून कुणी शिकत नाही, आमच्याकडे पण लावलाय तो बोर्ड. म्हणून मी तुम्हाला विचार बदला वगैरे सांगणार नाही. एक काम सांगते. त्या सहा वह्या काढा आणि प्रत्येकीचं शेवटचं भरलेलं पान बघा. तिथे काय शिकत होतात तेवढंच इथे लिहा. का सोडलं ते लिहू नका, ती कारणं आपण नंतर तयार करतो.

खडूस:
बाई, तुम्ही माझं पुढचं वाक्यच खाल्लंत. सहमत.

मीच_ती:
सगळे प्रतिसाद वाचले, चांगले आहेत पण थोडा राग पण आला, मोकळेपणाने लिहिते. एकाला धरून बसा, चूक दाखवणारा गाठा, हे बोलायला ज्याच्याकडे संध्याकाळ स्वतःची आहे त्याला ठीक आहे. आई सहा वर्षं अंथरुणाला खिळून होती, मी एकटीच करणारी. त्या काळात असले लेख वाचले की वाटायचं आपली क्षमता इथे डायपर बदलण्यात वाया चाललीये. ते मॅस्लो या मानसशास्त्रज्ञाचं माणसाच्या गरजांचं त्रिकोणी चित्र तर डोक्यात जायचं, सगळ्यात वर टोकावर आत्मसिद्धी की काय ते, आणि मी कायम तळाच्या पायरीवर.

नंतर कळलं की तो पिरॅमिड मॅस्लोने काढलाच नव्हता, नंतरच्या लोकांनी काढला. १९४३ च्या त्याच्या लेखात तर उलट आहे, खालची गरज पूर्ण भागल्याशिवाय वरची सुरू होत नाही असं समजू नका म्हणतो, आणि उदाहरणादाखल मनानेच आकडे घेतो की समजा एखाद्या साधारण माणसाच्या शरीराच्या गरजा ८५ टक्के भागल्यात, सुरक्षिततेच्या ७०, प्रेमाच्या ५०, स्वाभिमानाच्या ४० आणि ती टोकावरची फक्त १०. म्हणजे सगळं एकाच वेळी थोडं थोडं चालू असतं. मला त्या १० टक्क्यांनी फार धीर दिला, खोटं वाटेल पण दिला.

तर आई रात्री झोपली की माझ्याकडे वीस-पंचवीस मिनिटं असायची. अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करून पाठवायचं काम एका मैत्रिणीने गळ्यात मारलं. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद आणि वर डोक्यावरून गोधडी, आत मोबाईलचा उजेड, घामाने पान ओलं. पहिल्या रेकॉर्डिंगवर उलट निरोप आला की ताई, वाक्य संपताना तुम्ही आवाज गिळता, शेवटचा शब्द ऐकूच येत नाही. आणि मराठीत क्रियापद असतं शेवटी! म्हणजे कोण काय करतंय तेच त्या पोरांना कळत नव्हतं. महिनाभर फक्त वाक्यांचे शेवट सुधारले, दुसरं काही नाही. आई गेल्यावर पण ते काम चालूच आहे. यासाठी मी बनले होते का, माहीत नाही. कल चाचणी कधी दिली नाही.

उशिराची_गाडी:
मीच_ती, मान्य. मला निवृत्तीच्या आधीच बरीच मोकळीक होती, ते लिहिताना लक्षात आलं नाही. क्रियापद गिळण्याचं मात्र जबरदस्त आहे, मी आत्ता स्वतःशी मोठ्याने वाचून बघितलं, मी पण गिळतो.

नुसता_वाचक:
अवांतर विचारतो, २१ दिवस रेटलं की सवय लागते म्हणतात ते खरं का? माझे २१ कधी होतच नाहीत, नव्याचे नऊ दिवस पण पूर्ण होत नाहीत.

खडूस:
२१ ला काही आधार नाही. लंडनच्या लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ लोकांवर बघितलं होतं, रोज एक छोटी गोष्ट करायची आणि ती आपोआप व्हायला किती दिवस लागतात. मधला आकडा आला ६६ दिवस, पण कुणाला १८ आणि कुणाचा हिशोब थेट २५४ पर्यंत. आणि तुझ्या कामाची गोष्ट, मध्ये एखादा दिवस चुकला तर फार काही बिघडत नव्हतं. तू एक दिवस चुकला की वही बदलतोस, तो आजार वेगळा.

भाराभर_चिंध्या:
दोन दिवस आलो नाही कारण बाईंनी सांगितलेलं करायचं टाळत होतो. काल रात्री वह्या काढल्या. जसं आहे तसं लिहितो.

गिटारची वही एफ कॉर्डवर (कॉर्ड म्हणजे बऱ्याच तारा एकदम दाबून वाजवायचा प्रकार) थांबलीय. आकृती काढलीय, खाली लिहिलंय "उद्या परत". कोडिंगची रिकर्शनवर, म्हणजे फंक्शन स्वतःलाच बोलावतं ते प्रकरण, उदाहरण उतरवून घेतलंय आणि बाजूला तीन प्रश्नचिन्हं. फ्रेंचची भूतकाळावर, कुठल्या क्रियापदाला "असणे" लावायचं आणि कुठल्याला "जवळ असणे" त्या यादीच्या मध्यातच. पळण्याच्या वहीत शेवटची नोंद आहे ५ किलोमीटर ३८ मिनिटं, आणि मला आठवतंय त्या दिवशी ऑफिसातला एक पन्नाशीचा माणूस मला गप्पा मारत मारत मागे टाकून गेला होता. कथांच्या वहीत शेवटची कथा पूर्ण आहे, ती मित्राला वाचायला दिली होती, तो म्हणाला "ठीक आहे". बुद्धिबळाची एका बारा वर्षांच्या पोराकडून ऑनलाइन हरल्यावर, तो डाव सुद्धा पूर्ण लिहिलेला नाही, चौदाव्या चालीवर सोडलाय.

बायकोने सगळं वाचलं. म्हणाली, सहा वह्या कुठे, ही एकच वही आहे.

मी कायम म्हणत आलो की मला कंटाळा येतो लवकर. पण एफच्या आदल्या पानापर्यंत कुठे कंटाळा आलेला दिसत नाही हो, अक्षर बघा काय सुंदर आहे.

फळा_पुसणारी:
कोपर काढलंत. पुरे आजच्यासाठी.

तारा_जुळवणारा:
इतके दिवस गप्प वाचत होतो पण एफ म्हटल्यावर राहवेना. भाऊ, एफवर निम्मी दुनिया गिटार सोडते, तुम्ही एकटे नाही. पहिल्या फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या पहिल्या खणात, एका बोटाने सहाही तारा दाबायच्या असतात, आणि नटच्या (मानेच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) अगदी जवळ असल्यामुळे तार तिथे सगळ्यात हट्टी असते, म्हणजे नवशिक्याला नेमकी सगळ्यात अवघड जागा आधी शिकवतात. तोच हाताचा आकार उचला आणि पाचव्या फ्रेटवर लावा, तिथे तो ए मेजर कॉर्ड होतो, आणि दाबायला बराच हलका जातो. तिथे स्वच्छ वाजला की चौथ्यावर, मग तिसऱ्यावर, असं खाली या. पहिलं बोट सपाट ठेवू नका, किंचित अंगठ्याच्या बाजूला कलतं करा, तिथे हाड आहे, मांसल भागात तार रुतते आणि भुसभुशीत वाजते. अंगठा गिटारच्या मानेच्या मागे मधोमध. एकेक तार वेगळी छेडून बघा कुठली मुकी आहे, सगळ्या एकदम वाजवून "येत नाही" म्हणू नका. आणि एवढं करूनही हात मोडत असेल तर गिटार एखाद्या जाणकाराला दाखवा, नटवर तारा उंच बसवलेल्या असतील तर चूक तुमच्या बोटांची नाहीच.

खडूस:
गिटारच का पण? बाकी पाच वह्यांचं काय?

भाराभर_चिंध्या:
गिटारच का याला कारण नाही, ती कपाटाच्या बाहेर होती म्हणून. बाकी पाच बायकोने घेतल्या, कोरी पानं भरपूर आहेत, हिशोबाला झाल्या. मला जरा पोटात गलबललं, पण दिल्या.

उशिराची_गाडी:
(आठ दिवसांनी) एफ लागला का?

भाराभर_चिंध्या:
तिसऱ्या फ्रेटपर्यंत आलोय काका. तिथे सहापैकी पाच तारा बोलतात. वरून दुसरी अजून मुकी आहे, काल अर्धा तास तिच्यावरच गेला. वहीत पंधरावं पान चालू आहे, अक्षर घाण येतंय.